सालीचा रंग

माझी मावशी रंगारी. दिवसा ती लोकांच्या भिंती रंगवायची आणि पहाटे डबा-ब्रश घेऊन डोंगरावरच्या जंगलात जायची. तोडायच्या झाडांवर ठेकेदाराची माणसं पांढऱ्या फुल्या मारून जात. मावशी त्यांवर हुबेहूब सालीचा रंग चढवायची, अगदी शेवाळाच्या ठिपक्यांसकट. मजूर धुक्यात फुल्या शोधत गोल गोल फिरायचे आणि हात हलवत परत जायचे. ठेकेदार त्यांच्यावर डाफरायचा. मेल्याच्या डोळ्यांत अशी धूळ पडलेली पाहून मला गुदगुल्या व्हायच्या.

पुढे पुढे तिलाच कळेना, आपला ब्रश कुठल्या झाडावर फिरलाय. "झाडानं माझा रंग आपला मानला गं," म्हणायची. ते जंगल अजून उभं आहे.

तिच्या स्वतःच्या घराला मात्र कधी ब्रश लागला नाही. काका चिडवायचे, "जगाला रंग, घरात पोपडे!"

ती अंथरुणाला खिळली तेव्हा मला ते पोपडे बघवेनात. मी रंगाचा डबा उघडला. उशाजवळच्या भिंतीचा पोपडा खरवडणार, इतक्यात तिनं माझा हात धरला.

"ओढू नकोस. साल आपली आपण सुटते. आत नवी तयार होत असते."