हात मांडीवर ठेवणारे उस्ताद

घरात विमान शिकवणारा दीर असला की किस्से उतरंडीसारखे चढत जातात. खालच्या मडक्याला हात लावला की वरची सगळी गडगडतात. निजामाच्या राज्यात, सोनपेठला, अशी उतरंड आमच्याच घरी होती.

*

भावजी हैदराबादेहून विमान चालवायचं लायसन घेऊन आले. मी विचारलं, "आता दुसऱ्यांना शिकवणार?"

"न्हाई वैनी, त्याला येगळा इम्तिहान हाय."

विमान उडवता येऊनही शिकवता येत नाही? मी गार पडले. सासूबाई मात्र म्हणाल्या, "बरोबर हाय. भाकरी येणं येगळं, सुनंला शिकवणं येगळं." आणि माझ्या हाताखालची भाकरी ओढून स्वतःच थापायला लागल्या.

*

पुढच्या खेपेला तोही इम्तिहान पास!

"इम्तिहान घेणारा मोठा साहेबच शिष्य होऊन बसतो," भावजी सांगायला लागले, "आन् वर गेल्यावर मुद्दाम चुका करतो. आपण त्या सुधरून घ्यायच्या."

"एवढा शिकलेला माणूस, आन् मुद्दाम?" सासूबाई म्हणाल्या. "त्यापरीस आपला गडी बरा. त्याला ठावं तरी नसतं."

*

"पण शिकवताना उस्ताद करतो काय?" मी विचारलं.

"इमान चालवायचे दांडे दोन. एक शिष्याकडं, एक माझ्याकडं. मी हात मांडीवर ठिवतो. चूक त्याची, त्यानंच सुधरायची. अगदीच आपटायलाय असं दिसलं, तरच धरायचं."

शिव शिव! हे ऐकून एकही बाप मुलगी देईना. "आभाळात हात मांडीवर? पोरीच्या कुंकवाची थट्टा हाय का?" भावजींचं लग्न जमावं म्हणून मी सोमवार धरले.

*

शेवटी शेजारच्या गावचे दुकानदार अप्पा नुसती मुलगी दाखवायला तयार झाले. आम्हाला न्यायला छकडा घेऊन आले. गडी आजारी, म्हणून जन्मात पहिल्यांदा स्वतः हाकत होते. शेजारी भावजी. मागे मी, पदरात महादेवाला बोललेला नारळ.

ओढ्याच्या उतारावर बैल उधळले. अप्पा ओरडले, "धरा, धरा!"

भावजींचे दोन्ही हात मांडीवर.

"अप्पा, कासरा इतका ओढू नका. उजवा सैल सोडा. आता हळूच डावा... बास."

छकडा एका चाकावर कलला, नारळ ओढ्यात गेला आणि आम्ही पलीकडे लागलो. बैल थांबले.

अप्पा भावजींकडे वळले. "जीव गेला असता. तुमी हात का लावला न्हाई?"

"अजून येळ होता," भावजी म्हणाले.

अप्पा आपल्याच हातातल्या कासऱ्याकडे बघत राहिले. मग मागे वळून मला म्हणाले, "ताई, मुहूर्त कवाचा धरायचा?"

आम्ही तर अजून मुलगीसुद्धा पाहिली नव्हती.