जिंकून गेलेली टीम

दातांचे डॉक्टर माप पाठवायचे आणि कवळीवाला घराच्या मागच्या खोलीत बसून त्या मापाची कवळी घडवायचा. प्लास्टरचे साचे, मेणाचा वास, खिडकीत ओळीने ठेवलेले गुलाबी जबडे, यातच त्याचा आठवडा सरायचा. हात हळू होता. समोरचा दात जरा पुढे, शेजारचा किंचित तिरका, असं खऱ्यासारखं जमल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. बायको म्हणायची, "लोकांना घास चावायचाय, तुम्ही त्यांचं हसू कसलं घडवत बसता?"

रविवार मात्र फुटबॉलचा. क्लबचं मैदान चालत जाण्याइतकं जवळ होतं आणि थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे भाऊजी, त्याला न्यायला यायचे. त्यांचा सगळा जन्म ट्रक चालवण्यात गेला, आवाजही हॉर्नसारखाच. दोघं एकाच बाकावर बसायचे आणि सामना संपेपर्यंत भांडायचे.

भांडणाचं कारण टीमचा कोच. सगळे त्याला गुरुजी म्हणत. गुरुजींची पोरं बॉल उगाच कधी उडवायची नाहीत. आखूड पास, पुन्हा आखूड पास, आणि मग अवचित एक असा पास, की समोरचे बचाववाले बघतच राहायचे. कवळीवाला बाकावरून अर्धा उठायचा. मग ऐन गोलसमोर कोणीतरी आणखी एक पास द्यायला जायचं आणि सगळ्यावर पाणी.

"काय खेळतात!" कवळीवाला म्हणायचा.

"काय हरतात!" भाऊजी म्हणायचे. "अरे, दात नुसते दिसायला छान असून काय करायचंय? चावता आलं पाहिजे."

"तुमच्या तोंडात माझीच कवळी आहे, भाऊजी. दोन्ही जमतं."

"मग एक गुरुजींनाही बसवून दे!"

आजूबाजूचे बाक हसायचे.

एका वर्षी टीम पार तळाला गेली, बाक रिकामे पडू लागले. शाळेच्या हॉलमध्ये समर्थकांची सभा भरली. गुरुजींना काढा म्हणून भाऊजी कडाडून बोलले, टाळ्या पडल्या. कवळीवाला जन्मात कधी चारचौघांत बोलला नव्हता, तो त्या दिवशी उठला. "जिंकायला मलाही हवंय," तो म्हणाला, "पण जिंकलो आणि बघण्यासारखं काही उरलंच नाही, तर आपण तिथं जायचं कशाला?"

"झोपायला!" मागून कोणीतरी ओरडलं. हॉलभर हशा पिकला. भाऊजीही हसले, ते त्याला लागलं. हात वर झाले, क्लबच्या मालकाने ते मानलं आणि गुरुजी गेले.

नवा कोच आला, त्याचं नाव लोकांनी कुलूप ठेवलं. जवळजवळ अख्खी टीम स्वतःच्या गोलपुढे उभी. बॉल आला की लांब भिरकावायचा, पुढे एक धिप्पाड गडी होता, तो बघून घेईल. एक गोल झाला की दार बंद. मग वेळ काढायला गोलकीपरच्या बुटाची नाडी सुटायची, कोणाच्या पोटरीत गोळा यायचा. एक-शून्य. पुढच्या रविवारीही एक-शून्य. रिकामे बाक भरू लागले.

कवळीवाला जातच राहिला. एकदा शेवटच्या क्षणी कोणाच्या तरी गुडघ्याला लागून बॉल आत घुसला आणि तो भाऊजींच्या गळ्यात पडून किंचाळला.

"बघ! आवडलं की नाही?"

आवडलं होतं, खोटं कशाला बोला. पण घरी जाताना तो गोल मनात पुन्हा बघावा म्हटलं, तर बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

कुलपाने टीम वाचवली आणि पुढच्या मोसमात वरच्या गटात नेली. भाऊजी भररस्त्यात नाचले. कवळीवालाही नाचला.

मग बातमी आली. वरच्या गटाला मोठं स्टेडियम लागतं, दिवे लागतात, टीव्हीवाल्यांना जागा लागते. जुनं मैदान कशातच बसत नव्हतं. मालकाने दूरच्या एका शहराशी बोलणी उरकली आणि टीम तिकडे गेली. जाताना नाव बदललं, शर्टाचा रंगसुद्धा. समर्थक मालकाच्या दारात दिवसभर बसले. त्याने नोकराच्या हाती पाणी पाठवलं, स्वतः बाहेर आला नाही.

भाऊजी मागच्या खोलीत येऊन स्टुलावर बसले.

"गुरुजी असते तर खालीच राहिलो असतो," ते म्हणाले. "हरलो असतो, पण इथंच. मीच घालवली रे टीम."

"तसं नाही, भाऊजी," कवळीवाला म्हणाला. "गुरुजी असते तर क्लबच बुडाला असता. रिकाम्या बाकांसाठी कोण किती दिवस चालवणार?"

त्यांचं मन राखायला म्हणून तो बोलला होता. बोलून झाल्यावर लक्षात आलं, की हे खरंच आहे. हरूनही टीम जाणार होती आणि जिंकूनही गेली. शाळेच्या हॉलमध्ये हात कोणत्याही बाजूने वर झाले असते, तरी हाती काही राहणार नव्हतं. त्याने कानस खाली ठेवली, त्या दिवशी पुन्हा हातात घेतली नाही.

रविवारी आता तो बहिणीकडे जातो. टीव्हीवर परक्या रंगातली टीम खेळते आणि पाय पसरून भाऊजी बघतात. मध्येच म्हणतात, "बोल की काहीतरी. आखूड पास कुठं गेले, विचार." तो विचारतो. भाऊजी उत्तर देतात, आणि भांडण तिथंच संपतं. मध्यंतरापर्यंत भाऊजींना डुलकी लागते. तो आवाज कमी करतो, मग बंदच करतो.

"कोण जिंकलं रे?" बहीण स्वयंपाकघरातून विचारते.

"बघितलं नाही," तो म्हणतो आणि चपला घालतो.