कोळीवाड्याने वाचलेली क्रांती

नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं. साक्षरतेची मोहीम जोरात होती आणि मी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात दुपारी बायकांना शिकवायला जायचे. बाजार आटपून, जेवून त्या देवळाच्या ओट्यावर जमायच्या आणि 'कमळ बघ' म्हणता म्हणता डुलक्या काढायच्या.

एकदा त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशींनी पाटी खाली ठेवली. "बाय, कमल बगून काय करू? तुज्या पिशवीतला पुस्तक काड."

पिशवीत वडिलांच्या कपाटातली एक कादंबरी होती. परदेशातल्या एका राज्यक्रांतीवरची, मराठीत आलेली. तिच्यात एक विधवा बंडखोरांना जाळ्याखाली लपवून होडीने नदीपार नेते. मी वाचायला लागले आणि ओटा जागा झाला.

"जाल्याखाली मानूस? वास नाय येत त्याला?"

"मराचा हाय का वास घेवाचा हाय? तू वाच गो!"

शिपायाने होडी अडवली, जाळ्याचं टोक उचललं. तिथेच मी पुस्तक मिटलं. "पुढचं तुम्ही वाचायचं."

असा काही कल्ला झाला! पण दुसऱ्या दिवसापासून मी रोज चार ओळी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहू लागले, आणि मावशी माझ्याआधी येऊन बसू लागल्या. आठवडाभर झगडून एका दुपारी त्यांनी अक्षरं जुळवली, "शि... पा... ई... ह... स... ला." क्षणभर थांबल्या आणि ओरडल्याच, "हसला! सोरला तिला, जाव दिला!" बायकांनी टाळ्या पिटल्या. मी ती कादंबरी तीनदा वाचलेली, पण अशी एकदाही नाही.

परीक्षेत मनाने एक वाक्य लिहायचं होतं. बाकीच्यांनी स्वतःचं नाव-गाव लिहिलं. मावशींनी लिहिलं, 'राजा पलाला.'

परीक्षा घ्यायला आलेले सर गोंधळले. "कुठला राजा?"

"तुमी नाय वाचलाव?" मावशींनी काळजीने विचारलं.

सर हसले. मावशी पास झाल्या.

रोज चार ओळी फळ्यावर आणि बाकीचं मी वाचून दाखवायचं, अशी कादंबरी संपली तेव्हा मात्र त्या खूश नव्हत्या. "राजा गेला ता बरा झाला. पन नवीन सरकारान् होडीवालीला कोनी बोलावला नाय." मी घाईघाईने शेवटची प्रकरणं चाळली. खरंच, तिचं नावसुद्धा पुन्हा आलं नव्हतं. झेंडे, भाषणं, गोळीबार यांत मला ते कधी दिसलंच नव्हतं. आजही क्रांतीवरची कुठलीही कादंबरी हातात आली की मी आधी हेच शोधते, शेवटी कोण कोण उरलंय.

"आपल्याकरं पन झाली ना लडाई, गोऱ्यांशी?" मावशींनी विचारलं. "त्याचा पुस्तक हाय?"

त्याच संध्याकाळी मी डोंबिवलीला आत्याकडे गेले, तिच्या वाचनालयाच्या कार्डावर बेचाळीसच्या चळवळीवरच्या दोन कादंबऱ्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर ठेवल्या. आधी कुठली, यावरून भांडण जुंपलं. शेवटी मावशींनीच एक उचलली, मांडीवर उघडली आणि बोट ठेवून पहिलं वाक्य सुरू केलं. मला बोलूच दिलं नाही.