सोफ्यामागची पहिली रांग

कॉलेजात मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. त्यात एक तास माझा हुकमी. एलिझाबेथ राणीच्या काळात लंडनला नाटक बघायला काय खर्च यायचा, तो. एक पेनी दिली की अंगणात उभं राहायचं, डोक्यावर ऊन-पाऊस. आणखी एक दिली की सज्ज्यात बसायला जागा. तिसरी दिली की बुडाखाली उशी. आणि काही छानछोकीवाले जादा पैसे मोजून चक्क रंगमंचावर स्टूल टाकून बसायचे. नाटक बघायला कमी, स्वतः दिसायला जास्त. इथे पोरं हसायची. मीही हसायचो. चारशे वर्षांपूर्वीच्या मूर्खांना हसायला काही खर्च येत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी आष्टीच्या मंगल कार्यालयात हौशी मंडळींनी ऐतिहासिक नाटक लावलं. कपडे आमच्या गल्लीतल्या टेलरचाचांनी शिवले होते. या मंडळींचे कपडे तेच शिवत आलेले, आणि प्रत्येक प्रयोग त्यांनी पाहिला तो विंगेत सुईदोरा घेऊन उभं राहून. कुणाचं काय कधी उसवेल सांगता येत नाही. आता डोळे अधू झाले, विंगेतलं काम सुटलं.

"सर, एक डाव समोरून पाह्यचंय," ते मला म्हणाले, "राजाचा अंगरखा उजेडात कसा दिसतो ते."

त्यांना पास मिळायला हवा होता. पण पास संपले होते. पुढाऱ्यांना, पुढाऱ्यांच्या मेहुण्यांना आणि जन्मात नाटक न पाहिलेल्या सगळ्यांना पोचले होते. मलाही आला, कारण माझा सत्कार होता. कशाबद्दल, ते पत्रिकेतही छापलं नव्हतं. चाचांना मात्र मीच अक्कल शिकवली. म्हणालो, "पहिल्या रांगेचं तिकीट घ्या. तीनशे जातील, पण बराबर दिसेल." त्यांनी घेतलं.

आमच्याकडची रीत मी विसरलो होतो, किंवा ती आता माझ्या सोयीची झाली होती. आमच्याकडे पहिल्या रांगेच्या पुढे सोफे लागतात. लग्नातले, नवरा-नवरीचे, लाल मखमलीचे, उंच पाठीचे. पाहुणे तासभर उशिरा आले. मग शाली, नारळ, भाषणं. सत्कार उरकताच निम्मे पाहुणे गाड्यांत बसून पसार झाले. पुढे नाटकही आहे हे त्यांना बहुधा कुणी सांगितलं नव्हतं. सोफे मात्र कुणी हलवले नाहीत. साहेब परत आले तर?

पडदा उघडला. चाचांना खुर्चीवरून मखमल दिसत होती. उभे राहिले तर मागून ओरडा, "ओ, बसा की खाली." शेवटी ते कडेला जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले, तिकीट हातातच. पायमशीन चालवून चालवून गुडघे गेलेला माणूस. माझ्या शेजारचा अख्खा सोफा रिकामा होता, त्यावर कुणाचा तरी विसरलेला नारळ. मी हाताने खूण केली, या. ते वाकून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "न्हाई सर. माझ्याकडं तिकीट हाय, पास न्हाई."

आणि परत भिंतीशी गेले.

मी उठायला हवं होतं. तो नारळ खाली ठेवून त्यांना दंडाला धरून आणायला हवं होतं, नाहीतर त्यांच्याशेजारी जाऊन उभं तरी राहायला हवं होतं. मी शाल सावरली आणि बसून राहिलो. संयोजक बघत होते ना. मला माझी किळस आली, पण मखमल मऊ होती. नाटकात काय घडलं ते मला आता आठवत नाही.

बाहेर पडताना मी निलाजरेपणाने विचारलं, "मग, कसा दिसला अंगरखा?"

"डावी बाही दिसली," चाचा म्हणाले. "चांगली बसली व्हती."

मग सवयीने त्यांनी माझ्या खांद्यावरच्या शालीचा काठ चिमटीत धरला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"उसवलीय सर. उद्या आणून द्या, शिवून देतो."