धाकटीच्या धाग्याचा गुण

बारावी सायन्सला फिजिक्समध्ये सुप्रिया वर्गात पहिली आली होती, हे सासरी शिनोलीत कुणाच्या लक्षातही नव्हतं. १९९५ च्या उन्हाळ्यात दादाभाऊशी तिचं लग्न लागलं आणि कॉलेज राहून गेलं. त्याचं तिला फारसं काही वाटत नसे. म्हणजे धाकट्या दिराची बायको घरात येईपर्यंत तरी वाटत नव्हतं.

ही धाकटी जाऊ अक्षदा पुण्यात औषधशास्त्रात पीएच.डी. करत होती. सणाला आली की सासू चिमाबाई तिला चुलीकडं फिरकू देत नसे. "पोरीला लई डोकं चालवावं लागतं, बसू दे तिला." सुप्रिया करंज्या तळता तळता ऐकायची आणि झारा कढईच्या काठावर जरा जोरातच आपटायची.

२००६ च्या दिवाळीत अक्षदानं पर्समधून एक डबी काढली. आत टिचभर पांढरी पट्टी होती, दुधावरच्या सायीसारखी.

"औषध घातलेलं द्रावण सुईतून थेंब थेंब येतं," ती सांगू लागली. "सुईला हजारो व्होल्टची वीज जोडायची, समोर धातूचा ड्रम फिरता ठेवायचा. वीज त्या थेंबाला अशी ओढते, की त्याचा धागा होऊन उडतो. केसापेक्षा कितीतरी बारीक. त्याची ही पट्टी. जखमेवर ठेवली की औषध हळूहळू सुटत राहतं."

चिमाबाईला साखरेचा आजार. दसऱ्यापासून तळपायाची जखम भरत नव्हती. तिनं पाय पुढं केला. "मग लाव की हितं!"

"नाही आई, अजून उंदरांवरच तपासतोय. आणि ह्यात तर औषधच नाही, नुसता नमुना आहे."

घरातल्यांनी माना डोलावल्या. कळलं मात्र एकट्या सुप्रियाला. थेंब का ताणला जातो, ड्रमकडंच का झेपावतो, सगळं तिला लख्ख दिसलं, आणि तेच तिला जास्त झोंबलं. फसू दे हिचं सगळं, असं मनात आलं.

अक्षदा गेली, डबी कोनाड्यात राहिली. चार-पाच दिवसांनी सुप्रियानं सासूच्या पायाचं फडकं सोडलं तर ती पट्टी जखमेला चिकटलेली!

"मीच लावली," चिमाबाई म्हणाली. "सुनंचं औषध, त्याला काय भ्यायचं?"

राहू दे, सुप्रियाला वाटलं. चिघळू दे. मग कळेल सगळ्यांना पीएच.डी. म्हणजे काय ते. तिनं वरून फडकं पुन्हा गुंडाळलंसुद्धा. भाकरी थापायला बसली, पण मन काही लागेना. उठली, पाणी उकळून गार केलं, पट्टी भिजवून अलगद सोडवली आणि सासूला एसटीत घालून घोडेगावच्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, पायावर भार द्यायचा नाही म्हणून बजावलं आणि जखम कशी धुवायची ते सुप्रियाला शिकवलं. सगळा हिवाळा ती सासूचा पाय मांडीवर घेऊन बसली. शिवरात्रीपर्यंत जखम भरली.

भीमाशंकरच्या यात्रेला निघालेल्या बायका ओट्यावर टेकल्या, तशी चिमाबाई पाय दाखवू लागली. "धाकटीच्या इजेच्या धाग्यानं बरा झाला!"

"आत्याबाई, ती पट्टी मी काढून टाकली व्हती!"

"तवर तिचं काम झालं व्हतं."

अक्षदा त्याच दिवशी आली होती. ती पुढं झाली. "आई, त्यात औषध नव्हतंच. उलट लावायलाच नको होती ती. पाय ताईंनी बरा केलाय."

चिमाबाईनं बायकांकडं कौतुकानं बघितलं. "बगा, केवढं मन! नाव बी घेत न्हाई सोताचं."

सुप्रियाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आपली बाजू घ्यायलाही हीच लागावी? मागच्या दारी गाठून ती अक्षदाला म्हणाली, "मला ते मशीन बघायचंय."

अक्षदानं तिला पुण्याला नेलं. काचेच्या पेटीत सुई, सुईच्या टोकाला थेंब. अक्षदानं बटण दाबलं. थेंब टोकदार झाला आणि त्यातून काहीतरी धुरासारखं थरथरत ड्रमकडं निघालं. सुप्रिया किती तरी वेळ काचेला नाक लावून उभी राहिली.

"हे मला जमलं असतं," ती म्हणाली.

"हो ताई, जमलं असतं."

नाही म्हणाली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

त्या पावसाळ्यात घोडेगावच्या डॉक्टरांनी सुप्रियाला ड्रेसिंगच्या कामाला बोलावलं. तिचा हात हलका, त्यामुळं लोक तिलाच मागू लागले. पण नवीन आलेली एखादी म्हातारी हमखास विचारायची, "बाई, ती इजेची पट्टी हितं मिळती का?"

"अजून नाही निघाली, आजी. पाय इकडं करा."

अक्षदाला पदवी मिळाली तेव्हा गावानं सत्कार ठेवला. ओटी भरायला सुप्रियाच पुढं झाली. नारळ दिला, कुंकू लावलं, जावेला कवटाळलं. ते काही खोटं नव्हतं. पण टाळ्या वाजत राहिल्या, आणि तिच्या पोटात दुखायचं ते दुखतच राहिलं.