पाळकसाहेबांच्या हाताखाली

पाळक घडवणाऱ्या सेमिनरीतले आम्ही जुने भेटलो की पेपर कुणालाच आठवत नाहीत. आठवतं ते जुन्नरकडचं प्रॅक्टिकलचं वर्ष. तिथल्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे आम्ही दोघं होतो, मी आणि सुधीर. एक किस्सा निघाला की मागोमाग दुसरा येतोच.

पहिल्याच रविवारी मी चाळीस मिनिटं उपदेश केला, मूळ ग्रीक शब्दांसकट. उपासना संपल्यावर साहेबांनी मला पुढच्या बाकावरच्या आजींकडे नेलं आणि त्यांना कसं वाटलं ते विचारलं. आजी म्हणाल्या, "लई शिकलाय पोरगा. कळलं काय न्हाई, पन घसा बसला आसंल. च्या द्या त्याला."

पुढच्या रविवारी मी दहा मिनिटांत बसलो.

सुधीरला उपदेशात येशूच्या 'उत्तम मेंढपाळ' या वचनावर बोलायचं होतं. साहेबांनी त्याला महाळुंगे पडवळला, मेंढरं राखणाऱ्या तात्यांकडे दिवसभर धाडलं. मेंढरं तुम्हाला ओळखतात का, असं सुधीरनं विचारलं. तात्या म्हणाले, "त्यांचं ऱ्हाऊ द्या. मी त्यास्नी वळखतो का, ते इचारा." मग हिचा खूर, तिचं पोट, असं एकेकीचं दुखणं सांगत राहिले.

सुधीर परतल्यावर साहेबांनी मंडळीची, म्हणजे चर्चला येणाऱ्यांची, यादी आमच्यापुढे ठेवली. "आता तुम्ही सांगा, कुणाचं काय दुखतंय." चार नावांपर्यंतच आमची मजल गेली.

एकदा दवाखान्यात मी एका पेशंटसाठी लांबलचक प्रार्थना केली. डोळे उघडले तर साहेब शेजारी नाहीत. सलाईन संपलेलं बघून ते नर्सला आणायला गेले होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "दवाखान्यात एक डोळा उघडा ठेवून प्रार्थना करायची."

पिंपरी पेंढारला साहेबांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची बायको वारली. घर हिंदू. साहेब तापानं पडलेले, म्हणून तिसऱ्या दिवशी सुधीर एकटाच भेटायला गेला. काय बोलायचं, हे त्याला वाटभर सुचलं नाही.

घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि गोठ्यात म्हैस हंबरत होती. तिची धार बाईच काढायची, दुसऱ्या कुणाला ती जवळ येऊ देईना. सुधीर स्वतःही शेतकरी कुटुंबातला. त्यानं त्या शेतकऱ्याकडे बाईची गोठ्यात नेसायची साडी मागितली, डोक्यावरून घेतली आणि बादली घेऊन खाली बसला. म्हशीनं साडी हुंगली आणि पान्हा सोडला. तीन दिवस कोरड्या डोळ्यांनी बसलेला तो माणूस गोठ्याच्या मेढीला धरून रडला.

सेमिनरीला प्रत्येक भेटीचा रिपोर्ट साहेबांच्या सहीनं द्यावा लागे. 'सांत्वनासाठी कोणतं वचन वाचलं?' या प्रश्नापुढे सुधीरनं लिहिलं : वाचलं नाही. धार काढली.

साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली.