जयाकाकूंचं पिण्याचं पाणी

जयाकाकू पुण्याहून मुलाकडे, सिंगापूरच्या तोआ पायोह भागात आल्या त्या तीन महिन्यांसाठी. पण तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी परत जायचा धोशा लावला. “इथं मला काम काय? भांडी मशीन घासतं, आणि भांडायला कोणी मराठी माणूस नाही.” मी शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहते आणि अस्सल मराठी आहे, पण भांडायच्या लायकीची काही मी त्यांना वाटले नव्हते. मुलगा मंदार लवकरचं तिकीट शोधायला बसला. सून किमया मात्र हिरमुसली. तिला आई नाही. सासूनं राहावं असं तिला मनापासून वाटत होतं, आणि मला हे सांगताना ती चक्क रडली होती.

किमया दर रविवारी सकाळी कलांग नदीकाठचा कचरा उचलणाऱ्या गटात जाते. मीही जाते, पण खरं सांगायचं तर नंतर हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांवर मिळणाऱ्या कॉफीसाठी. त्या रविवारी आम्ही काकूंनाही नेलं. त्या बाकावर बसल्या आणि तिथूनच सूचना देऊ लागल्या.

पुलाखाली किमयाच्या चिमट्याला एक पिशवी लागली. गाठ सोडली तर आत सुकलेली जास्वंद, दूर्वा आणि कुंकू लावलेली कापसाची वस्त्रं. तशी वस्त्रं वळणारे हात अख्ख्या तोआ पायोहमध्ये दोनच, आणि ते बाकावर बसले होते! गटाचे म्होरके टॅन अंकल जवळ आले. “आयो, हू थ्रो धिस वन?” किमया लालबुंद होऊन पिशवी पाठीमागे लपवू लागली.

“लपवतेस काय? माझंच निर्माल्य आहे,” काकू ठणकावून म्हणाल्या. “परवा फिरायला आले तेव्हा वाहत्या पाण्यात सोडलं. रीतच आहे आपली.”

“आई, हे पाणी पुढे जलाशयात साठतं,” किमया हळूच म्हणाली. “शुद्ध होऊन आपल्याच नळाला येतं.”

काकू ताडकन उठल्या. पुण्यात कोणी न धुतलेला हात बुडवला तर त्या अख्खा माठ ओतून देतात. “अगं बाई! मी पिण्याच्या पाण्यात पिशवी टाकली? आणि हे तू मला आज सांगतेस?” चूक स्वतःची, ओरडा सुनेला.

ओढणी कमरेला खोचून त्यांनी टॅन अंकलच्या हातातला चिमटाच काढून घेतला. तासाभरात दोन पोती भरली. एका सायकलवाल्यानं रिकामा कॅन काठावर टाकला, तर काकू कडाडल्या, “नो नो! ड्रिंकिंग वॉटर!” बिचाऱ्यानं कॅन उचलला, वर “सॉरी, आंटी” म्हणाला.

“आंटी व्हेरी फिअर्स, लाह,” टॅन अंकल हसले.

“काय म्हणाला तो?”

“तुम्हाला घाबरला,” मी सांगितलं.

“मग ठीक आहे.” काकूंचा चेहरा इतका खुललेला मी पहिल्यांदाच पाहिला.

परत येताना मंदारचा फोन आला. मंगळवारचं तिकीट मिळतंय, काढू का? किमयानं खाली मान घालून फोन सासूच्या हातात दिला.

“मंगळवारचं?” काकू म्हणाल्या. “आणि रविवारी पुलाखाली कोण जाणार? तू? दहा-दहा वाजेपर्यंत लोळतोस!”

किमयानं भर रस्त्यात सासूला मिठी मारली. काकूंनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढलाच नाही.